पातळ हातमोजा

४ जून

आजोबा,

पायांवर डोकं ठेवायला तुम्ही इथे नाही, म्हणून या कागदाच्या माथ्यावर ठेवते आणि सुरुवात करते. नेमबाजीच्या शिबिरात आमचे फोन कपाटात बंद असतात. रविवारी थोडा वेळ मिळतात, तो बाबांच्या वाट्याला जातो. तुमच्या वाट्याला माझं वेडंवाकडं अक्षर.

आज माझी फजिती झाली. संघनिवडीच्या आधी इथे प्रत्येकाचं सामान तपासतात. पोलादी पट्टीला एक खाच असते. हातमोज्याचा तळवा आणि पाठ मिळून त्या खाचेतून सरकायला हवेत, त्याहून जाड मोजा चालत नाही. माझा मध्येच अडकला. आम्हाला शिकवणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हातमोजा आहे की गादी? झोपायला आलीस का?" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले.

आता नवा निवडायचा आहे. तुम्ही मला खेळताना पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. हा मोजा फक्त डाव्या हातात असतो. उजवा हात नुसता चाप ओढतो. एअर रायफलचं सगळं वजन डाव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी येतं, आणि कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. मोज्यामुळे वजन टोचत नाही, पकड घसरत नाही. शिवाय हातातली नाडी बंदुकीपर्यंत पोचत नाही. ती पोचली की बंदुकीच्या टोकावरचं कडं उडतं, आणि कड्याच्या मधोमध धरलेला निशाण्याचा काळा ठिपका निसटतो.

सामानाच्या खोलीत तीन मोजे मिळाले. एकाला मनगटावर आवळायचा पट्टा होता, तो नियमात बसत नाही म्हणून सरांनी लगेच बाजूला फेकला. उरले दोन. एक जाड, खाचेतून जेमतेम सरकणारा. दुसरा पातळ, जणू हाताची दुसरी कातडीच. पातळ घातला की कडं उड्या मारतं. मला त्याची भीती वाटायला लागली आहे. हसू नका.

स्थिर बसण्यातलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं इथे कुणालाच कळत नाही. मी कुठला घेऊ?

तुमची,
ठकू

ता. क. परवा जिन्यावर थोडी चक्कर आली. माझ्या खोलीतली मुलगी, जिला सगळे झिपरी म्हणतात, ती म्हणाली, "नेमबाज उभा राहिला तर पदक, तू चाललीस तरी पडतेस." बाबांना सांगू नका. आई गेल्यापासून मी शिंकले तरी ते उठून बसतात.


११ जून

चि. ठकूस,

तुझे मस्तक कागदावरून माझ्या पायांपर्यंत पोचले. माझा हात आता याच कागदावरून तुझ्या मस्तकावर पोचो.

मी बंदूक कधी हाती धरली नाही, तेव्हा शस्त्राविषयी माझे मत म्हणजे आंधळ्याने रंगाविषयी द्यावे तसे. आसनाविषयी मात्र बोलू शकतो. जन्मभर पहाटे एका जागी बसत आलो. आसन फार मऊ असेल तर झोप येते, फार कठीण असेल तर चित्त सारखे गुडघ्यात अडकते. ज्यावर बसल्यावर आसन आहे हेच विसरायला होते, ते खरे. हातमोजाही तसाच पाहावा. घालून लगेच निवडू नकोस. हात तापू दे, घाम येऊ दे, मग पाहा. शिवण तळव्याच्या मध्यावर येत असेल तर तो मोजा दुसऱ्याला द्यावा. बोटे बधिर होत असतील तर तो तिसऱ्यालाही देऊ नये.

आता भीतीविषयी. तू लहान असताना माझ्या मांडीवर बसून श्लोकाला ताल धरायचीस. लघूला एका बोटाची टिचकी, गुरूला सबंध तळवा. चूक झाली की स्वतःचाच कान धरून पुन्हा पहिल्यापासून म्हणायचीस. तसेच आताही कर. दोन्ही मोजे घालून कडे कसे उडते ते लघु-गुरूंत मांडून मला कळव. भीती छंदात बसवली की तिचा आकार कळतो, आणि आकार कळला की ती आपल्यापेक्षा लहान होते.

जुन्या मोज्याविषयी एक विचारायचे राहिले. तो गेल्या वर्षी तपासणीत चालला होता ना? मग यंदाच कसा अडकला? चामडे आपणहून जाड होत नाही.

चकरेचे तुझ्या बाबांना सांगणार नाही. परंतु न्याहारी न करता मैदानावर गेलीस तर हे वचन मोडले असे समज.

देव तुझ्या पाठीशी उभा राहो, आणि तुझ्याइतकाच स्थिर उभा राहो.

तुझा,
आजोबा


१७ जून

आजोबा,

तुम्ही पंतोजीच. बरोबर तीच फट सापडली तुम्हाला. जुन्या मोज्याला मीच आतून रबराचा एक थर चिकटवला होता, सायकलच्या जुन्या ट्यूबचा. थंडीत कडं जरा जास्त हलायला लागलं म्हणून. नंतर तो थर आहे हेच विसरले. सरांना मी सांगितलेलं नाही.

तुमचा गृहपाठ केला. झिपरी बाजूला बसून माझं तोंड बघत होती आणि मी पुटपुटत होते, "लघु, लघु, लघु." ती म्हणाली, "मंत्र घालून गोळी मारतेस का गं? मलाही शिकव."

जाड मोजा. काहीच नाही. कडं गोठल्यासारखं. फक्त मोजा जाड असल्यामुळे बंदूक हातात किंचित वर बसते आणि मान वाकडी करावी लागते. सरांना हाच आवडला.

पातळ मोजा. नीट वाचा. लघु, लघु, लघु, लघु. सगळे सारखे, ठरल्या अंतराने. मग मध्येच एक लघु आधीच्याला चिकटून येतो, घाई झाल्यासारखा, अर्धवट. मग काहीच नाही. रिकामी जागा. मग थाडकन एक गुरू, एवढा मोठा की कडं ठिपक्याच्या बाहेर जातं. मग पुन्हा लघु, लघु. कधी बराच वेळ सगळं सरळ चालतं, कधी असं लागोपाठ होतं. तुम्ही असता तर यती चुकली म्हणून कान धरला असतात.

त्या रिकाम्या जागेत छातीतही काहीतरी होतं. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं.

मला वाटतं, पातळ मोज्याची शिवण मनगटाशी टोचते आहे. म्हणून जाडच घेते. मान वाकडी झाली तर झाली. निवड तीन जुलैला आहे. आशीर्वाद पाठवा, उपदेश नको.

ठकू


२० जून

चि. ठकूस,

हे पत्र जलद टपालाने पाठवीत आहे. उपदेश नको म्हणालीस. हा उपदेश नाही. भ्यालेल्या माणसाचे बोलणे आहे.

तू लिहिलेला छंद मी काल सकाळपासून मेजावर बोटांनी वाजवीत आहे. शिवण टोचत असती तर ती प्रत्येक ठोक्याला सारखीच टोचली असती. ती मध्येच घाई करणार नाही, घाई करून मग थांबणार नाही, आणि थांबून मग दुप्पट जोराने येणार नाही. कातडे आणि रबर यांना असा छंद रचता येत नाही. असा छंद जिवंत वस्तूच रचते.

ठकू, त्या न सापडलेल्या पायरीविषयी मी पूर्वी एकदा ऐकले आहे. तुझ्या आईच्या तोंडून. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती हसून म्हणाली होती, "अण्णा, आज छातीत एक पायरी चुकली." सगळ्यांनी थकवा म्हटले. वैद्य म्हणाले थकवा, डॉक्टर म्हणाले थकवा, आणि तिला स्वतःलाही तेच हवे होते, कारण तू तेव्हा पाळण्यात होतीस आणि थकायला कारण होतेच. त्यापुढचे तुला ठाऊक आहे. ती त्याच गच्चीवर पडली, आणि बादलीतले कपडे मी उचलले.

मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. माझे चुकत असेल तर तू मला जन्मभर हसावेस, अशी देवाजवळ प्रार्थना आहे. परंतु आज एक कर. बंदूक नाही, मोजा नाही, काही नाही. उजव्या हाताची बोटे गळ्याशी, जिथे नाडी उडते तिथे ठेव आणि डोळे मीट. तोच छंद तिथेही असेल तर दोष मोज्याचा नाही. मग शिबिराच्या डॉक्टरांकडे जा, आणि माझे पत्र पुढे कर.

काल सायंकाळी जप करीत होतो. मध्येच तुझी ती रिकामी जागा आली, आणि पुढचे नाव तोंडून निघेना.

तुझा,
आजोबा


२६ जून

आजोबा,

तुम्ही मला घाबरवलंत. मुद्दाम नाही, माहीत आहे. पण घाबरवलंत.

मोजा विचारला होता मी. मोजा! तुम्ही आईला मध्ये आणलंत.

जाड मोजा घेतला. खाचेतून सरकला, तपासणीवाल्यांनी शिक्का मारला. काल सरावात मी शिबिरात सगळ्यांच्या वर होते. सर म्हणाले, "आता कशी माणसासारखी उभी राहिलीस." कडं हलत नाही. एकदाही नाही. हलत नाही म्हणजे काही नाही. तुमच्या तर्कशास्त्रात हे बसत नसेल तर राहू दे.

शिबिराच्या डॉक्टरांकडे मी जाणार नाही. गेले की ते कागदावर लिहिणार, कागद सरांकडे जाणार आणि मी घरी. तुम्हाला माहीत आहे, बाबांनी माझी धावण्याची शर्यत बंद केली, पोहणं बंद केलं. शेवटी जागेवर उभं राहण्याचा खेळ निवडला, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. हाही गेला तर माझ्याकडे काय उरतं? खिडकी?

बाबांना लिहू नका. लिहिलंत तर मी तुम्हाला पुन्हा पत्र लिहिणार नाही. खरंच नाही.

झिपरीला तुमच्या पत्रातलं थोडं सांगितलं. तिने माझा हात धरला, माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि गंमत म्हणून मोजायला लागली. मग मोजायची थांबली. म्हणाली, "तुझ्यात हृदय आहे की बिघडलेली ट्यूबलाइट?" मी हात ओढून घेतला. ती हसत नव्हती.

ठकू


२९ जून

चि. ठकूस,

तू लिहिणार नाहीस हे स्वीकारून लिहितो. आज सकाळी तुझ्या बाबांना सर्व कळविले. तुझ्या पाठीमागे नव्हे. म्हणून हे पत्र त्याच वेळी तुझ्याकडे निघते आहे. माझ्यावरचा राग तू कितीही दिवस ठेव. राग धरायला तू असावीस एवढेच मला हवे आहे.

तुझे बाबा म्हणाले, "अण्णा, मी तिला ओढून आणलं तर ती मला कधी माफ करणार नाही. नाही आणलं तर..." ते तुझ्याकडे निघत आहेत. तुला मैदानावरून उचलून आणणार नाहीत, असे मी त्यांच्याकडून वदवून घेतले आहे. ते केवळ तिथे असतील.

जाड मोज्याने कडे थांबले, म्हणून तू निर्धास्त झालीस. पोरी, दाराशी निरोप्या आला असता आपण दार लोटून घेतले तर निरोप बदलतो का? मोजा नाडी लपवतो, बरी करीत नाही. ज्या गुणासाठी तू तो निवडलास, त्याच गुणाला मी भितो.

आज्ञा करण्याइतके बळ माझ्यात नाही; विनवणी करतो. तुमच्याकडे बंदुकीचे हालणे पडद्यावर रेघेने दाखवणारे यंत्र असते, असे तूच एकदा सांगितले होतेस. पातळ मोजा घालून एकदाच त्यापुढे उभी राहा, आणि ती रेघ तुझ्या सरांना पाहू दे. ते कठोर असतील, पण आंधळे नसावेत.

मी फार घाबरलो आहे. एवढे शास्त्र वाचून अखेर हे एकच वाक्य खरे लिहिता आले.

तुझा,
आजोबा


८ जुलै

आजोबा,

लिहिणार नव्हते. लिहिते आहे. बाबांनी फोनवर सांगितलंच असेल, पण ते निम्मं गाळून सांगतात.

तुमचं पत्र निवडीच्या आदल्या दिवशी आलं. मी ते वाचून उशीखाली ठेवलं आणि यंत्रापुढे गेले नाही. सकाळी जाड मोजा घालून रेषेवर उभी राहिले. बाबा काचेपलीकडे होते. मला वाटलं हाक मारतील. त्यांनी मारली नाही. दोन्ही हात खिशात घालून नुसते उभे होते, हात खिशातून निघाले तर काहीतरी होईल असे.

मी चांगली खेळत होते, आजोबा. खरंच चांगली. मग एका गोळीच्या आधी छातीतली पायरी चुकली. एकदा नाही, एकामागून एक. कानात वारा भरला. आणि मी कड्याकडे पाहिलं तर ते ठिपक्याभोवती अगदी मधोमध होतं. जराही हलत नव्हतं. मी आतून पडत होते आणि बंदुकीला त्याचा पत्ता नव्हता. एवढी भीती मला उडणाऱ्या कड्याचीही कधी वाटली नव्हती. तेव्हा मला कळलं की मी मेले तरी ते कडं एक क्षण तसंच, सुंदर, मधोमध राहील.

चाप ओढला नाही. बंदूक खाली ठेवली आणि हात वर केला.

सर धावत आले. "काय झालं? उचल ती! वेळ जातोय!" मी म्हटलं, "सर, पातळ मोजा द्या आणि मला पडद्याच्या यंत्रापुढे उभं करा." ते म्हणाले, "डोकं फिरलं का तुझं? निवड चालू आहे!" मग त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण पुढे ते ओरडले नाहीत. शेजारच्या खोलीत नेलं. मी उभी राहिले. पडद्यावर रेघ उमटली. सरळ, सरळ, घाई, काही नाही, मग उडी. सरांनी बराच वेळ पाहिलं. मग बंदूक त्यांनीच माझ्या हातातून काढून घेतली, तान्हं मूल घेतात तशी, आणि म्हणाले, "बस, बाळ." त्यांनी मला बाळ म्हटलं, तेव्हा मला खरी भीती वाटली. खुर्चीपर्यंत गेल्याचं आठवत नाही. झिपरी म्हणते, मी खुर्चीच्या अलीकडेच पडले आणि बाबा ओढून उघडायचं काचेचं दार ढकलत होते.

इथल्या इस्पितळातल्या डॉक्टर बाईंनी छातीला तारा लावून रात्रंदिवस ठोके टिपून घेतले. मग विचारलं, "तुझ्या आईला काय झालं होतं?" मी तुमचं वीस तारखेचं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, आईकडून आलेलं असू शकतं. माझं हृदय मधूनच असा गोंधळ घालतं आणि एखाद्या वेळी तो गोंधळ थांबलाच नाही तर... त्यांनी पुढचं सांगितलं, मी ते लिहीत नाही. कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतील. गोंधळ वाढला की ते झटका देऊन ठोका जागेवर आणेल. बारा तारखेला. मी विचारलं, बंदूक? त्या म्हणाल्या, "आधी तू, मग बंदूक."

संमतीची सही मीच केली. मी आता सज्ञान आहे, बाबांनी पेन माझ्याच हातात दिलं.

आजोबा, इथे दिवसभर लोक येतात आणि मला धीर देतात. काही होत नाही, अगदी साधं काम आहे, असं म्हणतात. घाबरलो आहे असं मला फक्त तुम्हीच सांगितलंत. मीही घाबरले आहे. तुम्ही या.

ठकू


१२ जुलै

चि. ठकूस,

हे पत्र टपालात पडणार नाही. तू ज्या दारातून आत गेलीस, त्या दारासमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे. तुझे बाबा शेजारी आहेत. त्यांनी दोघांसाठी चहा आणला आणि दोन्ही पेले हातात धरून बसले आहेत; मला द्यायचे विसरले, आणि मीही मागितला नाही.

मी आजवर शेकडो लोकांना सांगितले की, देवाजवळ काही मागू नये. तो जे देईल ते हात पसरून घ्यावे. आज सकाळपासून मी त्याच्याशी घासाघीस करतो आहे. बाजारात भाजीवाल्याशी कधी केली नाही इतकी. माझी वर्षे घे म्हणालो, माझी दृष्टी घे म्हणालो. समोर भिंतीवरचे घड्याळ आहे. त्याच्याकडे पाहायचे नाही असे ठरवून त्याच्याचकडे पाहतो आहे. दार एकदा उघडले, आतून कोणी परिचारिका निघाली, आणि आम्ही दोघेही उठून उभे राहिलो. ती औषधाची पेटी घेऊन निघून गेली. तुझे बाबा म्हणाले, "अण्णा, बसा." मी म्हणालो, "तुम्ही बसा." दोघेही उभेच राहिलो.

इथे लिहिणे थांबवावे लागले होते. पुढचे आता लिहितो.

डॉक्टर बाई बाहेर आल्या. तोंडावरची पट्टी खाली ओढली. माझे सगळे लक्ष त्यांच्या ओठांकडे, आणि ते मला हलताना दिसत होते, पण शब्द पोचत नव्हते. मग तुझ्या बाबांनी भिंतीला कपाळ टेकले आणि त्यांचे खांदे हलू लागले, आणि क्षणभर मी सगळे गमावले. नंतर कळले, ते हसत होते. रडतही होते. बाई म्हणत होत्या की काम नीट झाले, आणि तू शुद्धीवर येताच डोळे पुरते न उघडता, अडखळत, पहिले काय विचारले असेल तर हे: "मी हलले तर नाही ना?"

हल, बाळ. हवे तेवढे हल.

तुझा,
आजोबा